मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: नक्की किती किलोमीटर, किती तास? (आई-बाबांसाठी)

निशिगंध_सांगली
नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, दादाकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला. तिकिटाचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि डोक्याचं पार भजं झालंय. बाबा एसटीत कंट्रोलर होते, त्यांना कुठल्याही प्रवासाचे आधी किलोमीटर लागतात, मग रनिंग टाइम, मग थांबे, त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर नेटवर शोधलं तर एका साइटवर ७,२९५, दुसऱ्या साइटवर ८,३९६ आणि तिसरीवर १३,५१०. वेळ कुठे १५ तास दाखवतात कुठे १७, आणि तिकिटांच्या साइटवर बघावं तर २१ तासांपासून ३४ तासांपर्यंत वाट्टेल ते. त्यात एका तिकिटावर निघायची आणि पोचायची तारीख एकच! बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, हे टाइमटेबल ज्यानं केलंय त्याला आधी डेपोत बोलावून घे.

तर जाणकारांनी सांगा, खरं अंतर किती, सलग गेलं तर खरे तास किती, आणि वयाच्या हिशोबाने (बाबा ७१, आई ६६, आईला शुगर आहे) कुठून नेलेलं बरं पडेल?

कोथरूडचा_विमानवेडा
ताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. ७,२९५ हे नॉटिकल मैल, विमानवाले आणि जहाजवाले त्यातच बोलतात. ८,३९६ हे आपले साधे मैल. १३,५१० किलोमीटर. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी आणि साधा मैल १.६०९ किमी, गुणून बघा, जुळतंय की नाही. साइटवाले एकक कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकतात आणि मग लोक गोंधळतात. बाबांना साडेतेरा हजार किलोमीटर सांगून टाका.

वेळेचं म्हणाल तर या साइट काही विमान उडवून बघत नाहीत. अंतराला ८०० नाहीतर ९०० ने भागायचं आणि फार तर वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास टाकायचा. ८०० ने भागलं की १७, ९०० ने भागलं की १५, झाला हिशोब. त्यात ना वारा, ना वळसा, ना रांग.

तर्रीबाज
१३,५१० आणि १३,५३० असे दोन आकडे मी पण बघितलेत, आता त्यातलं खरं कुठलं? :)

कोथरूडचा_विमानवेडा
@तर्रीबाज, एकाने पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली असेल, दुसऱ्याने ध्रुवांकडे चपटी. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडची ६,३५७, म्हणजे २१ किमीचा फरक, तो असा कुठेतरी डोकं वर काढणारच. १३ हजारात २० किमीवरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

भूगोलाची_वही
अंतर साडेतेरा हजार हे ठीक, पण बाबांना पुढचा प्रश्न पडेल की गाडी जाते कुठून. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोला पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी सरळ आडवी जाते आणि ती साफ फसवी आहे. घरात पृथ्वीगोल असेल, मुलांचा वगैरे, तर शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकत सरकत वर उत्तरेला जाऊन बसतो. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा गोल फिरवायचा तो खालचा खिळाच आड यायला लागला, शेवटी गोल स्टँडवरून काढून मांडीवर घ्यावा लागला.

मुंबईहून ही सगळ्यात जवळची वाट जवळजवळ सरळ उत्तरेला निघते, १४ अंश फक्त पूर्वेकडे कललेली. राजस्थान, मग पंजाब-हिमाचलचा कोपरा, काराकोरम, चीनचा शिनजियांग, अल्ताईच्या बाजूने सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर, तिथे जवळपास ७७ अक्षांशापर्यंत चढून पलीकडे अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. म्हणजे अमेरिका आपल्या पश्चिमेला की पूर्वेला हा प्रश्नच उरत नाही, ती आपल्या डोक्यावरून पलीकडे आहे. रेखांशाने बघितलं तर दोन्ही गावं जवळपास एकमेकांच्या पाठीमागे आहेत, पूर्वेकडून १६५ अंश आणि पश्चिमेकडून १९५.

निशिगंध_सांगली
वही, दोऱ्याचं आत्ताच करून बघितलं. बाबांनी दोरा स्वतः धरला. त्यांचं म्हणणं, एवढा साधा रूट आहे तर मग तिकिटावर दुबई कुठून आली?

लांबपल्ला
कारण दोऱ्याने जाता येत नाही हो काका.

पहिली गोष्ट डोंगर. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावर विमान ३५ हजार फुटांवरून आरामात जातं, पण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटकन १० हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच १४-१५ हजार फुटांवर आहे, उतरणार कुठे. डोक्यावरून जे पिवळे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो. म्हणून त्या भागातून जायचं तर सुटकेच्या वाटा आधी आखाव्या लागतात, जादा ऑक्सिजन लागतो, बहुतेक कंपन्या त्या नादाला लागत नाहीत आणि वळसा घालतात.

दुसरी गोष्ट देशांच्या हद्दी. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. त्यामुळे उत्तर भारतातून पश्चिमेला निघालेलं विमान आधी खाली अरबी समुद्राकडे येतं आणि मग वळतं. २०२५ मध्ये आपल्याकडच्या काही अमेरिकेच्या फ्लाइटना व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागत होतं, सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारी कोलकात्याला थांबायची. रशियाचं अजून वेगळं. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून उडायला बंदी, पण भारतीय आणि आखाती कंपन्यांना मुभा. म्हणून अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने मार्च २०२२ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई–न्यूअर्क या दोन्ही थेट फ्लाइट थांबवल्या, आणि मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोची थेट फ्लाइट आली ती एअर इंडियाची, डिसेंबर २०२२ मध्ये.

म्हणजे सलग फ्लाइट आज आहे की नाही, वाटेत इंधनाला उतरते की नाही, हे तिकीट काढायच्या दिवशीच बघायचं. कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्यासकट.

सदाशिव_आजोबा
वाचतोय. आमच्या वेळी हे थांबे म्हणजे कटकट नव्हती, तसाच प्रवास असायचा. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं विमान, मलबार प्रिन्सेस, मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हा करत. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली मे १९६० मध्ये, बोईंग ७०७, ती पण लंडनमार्गे. तेव्हा मुंबईतून अमेरिकेला कोणी निघालं की सांताक्रूझला अख्खी चाळ पोचवायला. आता सहारला गेटच्या बाहेरूनच टाटा करावा लागतो. असो, चालू द्या.

तर्रीबाज
आजोबा +१. पण मला एक कळत नाही, पॅसिफिकवरून पण जाता येतं ना? माझा मावसभाऊ टोकियोहून गेला होता.

लांबपल्ला
जाता येतं, आणि इथेच खरी गंमत आहे, कारण वाऱ्यापुढे किलोमीटरची काही मातब्बरी नाही.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. हिवाळ्यात जपान आणि पॅसिफिकवर त्यांचा वेग ताशी २००-३०० किमीला जातो. आता विमानाचा स्वतःचा वेग समजा ९०० आणि पाठीमागून २०० चा वारा मिळाला, की जमिनीच्या हिशोबाने ११०० ने पळतंय. उलट दिशेने ७००. टोकियोच्या नारिता विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को सव्वाआठ हजार किमी. जाताना साधारण नऊ-साडेनऊ तास, परत येताना अकरा. तोच रस्ता, तेच विमान.

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात ती सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पॅसिफिकची वाट धरली, १५,३०० किमी. चौदाशे किलोमीटर जास्त आणि वेळ मात्र जवळपास दोन तास कमी, साडेचौदा तासांत पोचले. येताना पुन्हा अटलांटिकवरूनच, म्हणजे तेव्हाही वारा पाठीवरच. एका फेरीत पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा.

निशिगंध_सांगली
हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, खंबाटकी घाट चढताना आणि उतरताना रनिंग टाइम वेगळा लागतोच की, यात नवल काय. :D

मिहिका
इथे कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते, सासू-सासरे आणि आई-बाबा दोघांचंही ये-जा चालू असतं, म्हणून जरा जमिनीवरचं लिहिते.

तारखेचं कोडं आधी. भारत आणि कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा, कारण इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. समजा मे महिन्यात मुंबईहून दुपारी २ ला निघालं आणि प्रवास साडेसोळा तासांचा, तर भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, त्यातून साडेबारा वजा करा, इथे संध्याकाळचे ६, तारीख तीच. येताना नेमकं उलट. सोमवारी रात्री ९ ला इथून निघालात आणि साडेसतरा तास लागले तर मुंबईत बुधवारी पहाटे ३ ला उतरता, मंगळवार कुठे गेला ते विचारायचं नाही. टोकियोमार्गे तर अजून भारी, तिथून संध्याकाळी ५ ला निघून इथे त्याच दिवशी सकाळी ९-१० ला पोचतात, म्हणजे घड्याळाने निघायच्या आधीच.

त्यामुळे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून तास काढायला जाऊ नका, तिकिटावर प्रवासाचा एकूण वेळ वेगळा छापलेला असतो तोच बघा. आणि तो वेळ सुद्धा फक्त हवेतला नसतो, विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, मग संध्याकाळी-रात्री रांगेत विमान उभं राहतंच. सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यात सकाळी खाडीवर ढग खाली उतरतात आणि तिथल्या समांतर धावपट्ट्या फक्त ७५० फुटांवर आहेत, दिसेनासं झालं की दोन विमानं जोडीने उतरवता येत नाहीत, मग घिरट्या. हा सगळा अंदाज धरून कंपन्या वेळ छापतात, म्हणून कधीकधी अर्धा तास आधीच पोचतो आणि वैमानिक कौतुकाने सांगतो.

कोथरूडचा_विमानवेडा
मिहिका, धावपट्ट्यांचं मस्त सांगितलंस. मी वाटांच्या बेरजा करून ठेवल्यात, घ्या.

दुबईमार्गे: मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४०, बेरीज १५ हजाराच्या आत-बाहेर. टोकियोमार्गे पहिला टप्पा ६,७५० आणि दुसरा ८,२२०, बेरीज पुन्हा तीच १५ हजार! फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, म्हणजे पावणेसोळा हजार. सिंगापूरमार्गे ३,९०० अधिक १३,५९०, साडेसतरा हजार, हे जरा लांबचंच. पण बघा, साडेतेरा हजारावर दीड-दोन हजार किमी वाढले तर हवेत जेमतेम दोन-अडीच तास वाढतात. बाकी सगळा वेळ विमानतळावर बसण्यात जातो. २१ आणि ३४ तासांतला फरक हा अंतराचा नाहीच, तो खुर्चीवर बसून काढलेला वेळ आहे.

भूगोलाची_वही
आणि या दोन्ही १५ हजारांत टप्पे किती वेगळे पडतात बघा. दुबईमार्गे तीन तास आणि मग एकदम सोळा. फ्रँकफर्टमार्गे साधारण नऊ आणि साडेअकरा. टोकियो पण तसंच, मधोमध तुटतं. शुगर असलेल्या माणसाला सोळा तास एका जागी की मधे मोडून, हा खरा प्रश्न.

तर्रीबाज
मी म्हणेन सलग असेल तर सलगच, डोळे मिटायचे आणि पोचायचं. मधे उतरा, बॅगा सांभाळा, पुन्हा सिक्युरिटी, बूट काढा पट्टा काढा, म्हातारी माणसं त्यातच दमतात.

मिहिका
तर्रीबाज, माझ्या सासऱ्यांना विचारा. सलग फ्लाइटला ते बारा तासांनंतर जे वैतागतात, पुढचे चार तास सासूबाईंची परीक्षा असते. समोरच्या स्क्रीनवर तो नकाशा लावून बसतात आणि विमान हललं की नाही बघतात. अलास्काच्या खाली आल्यावर त्यांना वाटतं आलंच, आणि तिथून अजून चांगले चार तास बाकी असतात.

माझं मत, पहिल्यांदा जाणाऱ्यांना एक थांबा, आणि तो तीन-चार तासांचा. दोन तासांपेक्षा कमी अजिबात घेऊ नका. आमच्याकडे एकदा एका कंपनीने पावणेदोन तासांचं कनेक्शन दिलं होतं, मुंबईहूनच विमान तासभर उशिरा सुटलं, आई-बाबा त्या अनोळखी विमानतळावर रात्रभर, फोन लागेना, आम्ही इकडे जागे. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे होते म्हणून कंपनीने पुढच्या फ्लाइटला बसवलं तरी. दोन वेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचवले असते तर नवीन तिकीट काढावं लागलं असतं.

सदाशिव_आजोबा
व्हीलचेअर सांगा हो. चालता येत असलं तरी सांगा.

निशिगंध_सांगली
आजोबा, बाबा ऐकतच नाहीत, म्हणे मी काय पेशंट आहे का.

मिहिका
ताई, त्यांना म्हणावं व्हीलचेअर पायांसाठी नाही, रस्ता दाखवायला माणूस मिळतो म्हणून घ्यायची. तिकीट काढतानाच नोंद करा. मुंबईच्या टर्मिनल टू ला काउंटरपासून गेटपर्यंत नेतात, मधल्या विमानतळावर उतरल्यावर दारातच नावाची पाटी घेऊन उभे असतात, आणि इकडे इमिग्रेशनच्या रांगेतून थेट बॅगांच्या पट्ट्यापर्यंत आणि बाहेर मुलाच्या हातात. माझ्या आईला इंग्रजी फार येत नाही, तिचं सगळं यावरच निभावतं. फक्त व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात, मग ते लोक एकत्र जमवतात, यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, कनेक्शनचा हिशोब करताना ती धरा.

इमिग्रेशनचं अजून एक. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच शिक्का आणि बॅगा घेऊन पुन्हा टाकायच्या. म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून मग देशांतर्गत विमानाने सॅन फ्रान्सिस्को, असलं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी आई-बाबांना नको. थांबा अमेरिकेच्या बाहेरच घ्या. अबू धाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, मग इकडे उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर. पण तिथे रांग असते, तिथला वेळ जरा जास्तच ठेवा.

लांबपल्ला
आईंच्या शुगरचं: इन्सुलिन किंवा गोळ्या असतील तर डॉक्टरांना तिकीटच दाखवा, भारतातल्या वेळेने किती तास आणि कुठे जेवण, ते कागदावर लिहून घ्या. विमानातलं जेवण आपल्या घड्याळाने येत नाही. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीत, इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच नको, खाली सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं. दर दोन तासांनी उठून चकरा, पायाला घट्ट मोजे डॉक्टर म्हणाले तर. आयल सीट (मधल्या वाटेकडची) घ्या म्हणजे कोणाला उठवावं लागत नाही. खिडकीचा हट्ट बाबांचा असणार.

निशिगंध_सांगली
बाबांचा आहेच. कंडक्टर साइडला बसणार नाही म्हणाले.

तर्रीबाज
हाहाहा. बाबांना धाग्यावर आणा.

भूगोलाची_वही
खिडकी मिळाली आणि विमान उत्तरेकडून गेलं तर बाबांना सांगा, मे-जूनमध्ये आर्क्टिककडे सूर्य मावळतच नाही, बाहेर सलग उजेड असतो आणि एअरहोस्टेस खिडक्या बंद करायला लावते. कडेने जरा उघडून बघावं, समुद्रावर बर्फाचे तुकडे दिसतात. डिसेंबरात गेले तर उलट, जवळजवळ सगळा प्रवास अंधारात.

अवांतर: बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को ही तर अजून लांबची, थेट अंतर जवळपास १४ हजार किमी. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाची पहिली फ्लाइट सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आली तेव्हा वैमानिक चौघीही बायका होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्याबरोबर पापगरी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. उत्तर ध्रुवावरून आणलं. ९ तारखेला संध्याकाळी निघून ११ ला पहाटे पोचल्या.

तर्रीबाज
ध्रुवावर थंडीने इंधन गोठत नाही का? खरंच विचारतोय.

कोथरूडचा_विमानवेडा
चांगला प्रश्न. नेहमीचं जेट ए-वन इंधन उणे ४७ ला घट्ट व्हायला लागतं, अमेरिकेत मिळणारं जेट ए तर उणे ४० लाच. बाहेर उणे ६०-६५ असू शकतं. म्हणून टाकीचं तापमान कॉकपिटमध्ये दिसत असतं आणि ते फार उतरलं तर वैमानिक थोडं खाली येतात किंवा वेग वाढवतात, हवेच्या घर्षणाने पंख जरा गरम राहतात. आणि दोनच इंजिनं असलेल्या विमानाला कायम ठरावीक मिनिटांच्या टप्प्यात उतरायला एखादा विमानतळ हाताशी ठेवावा लागतो, तोच नियम वाट ठरवतो. जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या मगदानला उतरलं होतं, पेपरात आलं होतं सगळ्यांनी वाचलं असेल. अशा गावांची नावं एरवी आपल्याला कधी कळणार.

तर्रीबाज
आणि जगात सगळ्यात लांबची कुठली मग?

कोथरूडचा_विमानवेडा
सिंगापूर–न्यूयॉर्क, साडेपंधरा हजाराच्या जरा आत, साडेअठरा तासांच्या आसपास. त्यासाठी एअरबसने ए-३५० चं खास जादा इंधनाचं मॉडेल दिलंय आणि सीट फक्त १६१, साधा इकॉनॉमी वर्गच नाही. पर्थ–लंडन २०१८ पासून आहे, साडेचौदा हजार, १७ तास. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी आता सिडनी–लंडनच्या मागे आहे, १७ हजार किमी, वीस तासांवर. २०१९ मध्ये मोजके लोक बसवून त्यांनी लंडनहून सिडनीला चाचणीची फ्लाइट नेली होती, १९ तास १९ मिनिटं.

सदाशिव_आजोबा
वीस तास. आमच्या नागपूर–मुंबई पॅसेंजरची आठवण झाली.

निशिगंध_सांगली
मंडळी, घरी बैठक झाली. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून चार्ट केला, टप्पा, किमी, तास, थांबा, एकूण. सांगली ते सहार पण त्यात धरलंय, आठ तास, वर विमानतळावर चार तास आधी. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन दीड तास आणि फ्रीमाँट पाऊण तास. घराच्या दारापासून दादाच्या दारापर्यंत सगळं मिळून ३८ तास येतायत एका थांब्याच्या तिकिटाने. आई म्हणाली, मग मुंबईत मावशीकडे एक रात्र काढूनच निघू, ती रात्र मोजू नका.

दोन तिकिटं समोर आहेत. एक आखातातून, थांबा २ तास १० मिनिटं, पुढचा टप्पा सोळा तास. दुसरं युरोपातून, थांबा साडेतीन तास, तेवीस-चोवीस तासांत पोचवतं, नऊ हजार रुपये जास्त. बाबांना किलोमीटर कमी म्हणून पहिलं आवडलंय.

लांबपल्ला
दुसरं. नऊ हजार विसरा. फक्त युरोपातल्या त्या विमानतळावर भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा (नुसतं विमान बदलायचा) लागतो का ते आधी बघा, काही देशांत लागतो, अमेरिकेचा वैध व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण ते त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर वाचूनच पैसे भरा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर नको.

मिहिका
+१ दुसऱ्याला. आणि दादाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते, आणि ऑफिसर विचारतो कुठे राहणार म्हणून. मेतकूट, चटण्या, चकल्या आणा, फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर खायचे पदार्थ आहेत असं सरळ सांगायचं. आंबे मात्र बॅगेत टाकू नका, कस्टमवाले काढून घेतात आणि लपवलेत म्हणून दंड करतात.

निशिगंध_सांगली
पेटी बाबांनी काल सांगून ठेवली होती रत्नागिरीला. आता मावशीकडे देतो. दुसरं तिकीट बुक करतेय, ट्रान्झिटचं आज दूतावासाच्या साइटवर वाचते. बाबांचा एकच प्रश्न राहिलाय, साडेतीन तासांच्या थांब्यात चहा कितीला मिळतो?

तर्रीबाज
काकांना सांगा थर्मासमधून न्यायचा विचार पण करू नका, सिक्युरिटीत ओतून देतात.

मिहिका
चार-पाच युरो. रिकामा थर्मास चालतो, सिक्युरिटीनंतर कुठल्याही कॅफेत गरम पाणी मागा, देतात. चहाच्या पिशव्या आणि साखर हातातल्या बॅगेत ठेवा. आईंना बिनसाखरेचा.